बिनबर्फाचा रस

मेंढरं कातरायला दोन माणसं लागतात. एकानं कातर चालवायची आणि दुसऱ्यानं मेंढीचे पाय धरून बसायचं. कातर चालवणाऱ्याचं नाव होतं आणि पाय धरणाऱ्याची कंबर जाते, असं कडूबाई लग्न झाल्यापासून म्हणत आली होती. शहादेव दरवर्षी ते ऐकून हसायचा आणि दरवर्षी कातर स्वतःच घ्यायचा.

यंदा होळी झाल्यावर कातरण काढली तेव्हा कडूबाई कंबरेचं काही बोलली नाही. शहादेवला तेवढ्यावरून समजायला हवं होतं. चार महिन्यांपासून तिच्या अंगावरून जात होतं. पाळी आली की जायचं नाव नाही, आणि गेली म्हणावं तर आठ दिवसांत परत. जुनी लुगडी फाडून फाडून ट्रंकेत एक धड लुगडं राहिलं नव्हतं. चढावर चालताना कानात चक्की सुरू व्हायची. मातीची ढेकळं खावीशी वाटायची आणि ती खायचीही, कुणी बघत नाही असं पाहून. नवऱ्याला सांगायचं तरी काय? बायकांचं दुखणं बायकांनीच वागवायचं, ही तिची रीत. तीन डोंगर ओलांडून मेंढरामागं चालताना तिनं ते पाण्याच्या घागरीबरोबर वागवलं होतं.

त्या दिवशी एक काळी मेंढी अर्धी कातरून झाली होती. शहादेवनं तिला दुसऱ्या कुशीवर पालथं करायला सांगितलं. कडूबाईनं पाय सोडून पुन्हा धरले, आणि पुढचं तिला आठवत नाही. ती तशीच लोकरीच्या ढिगावर कलंडली. मेंढी सुटली ती अर्ध्या अंगाची लोकर मिरवत थेट बांधापलीकडं पळाली.

"अगं! अगं, काय झालं?" शहादेवनं कातर टाकली. तिचं डोकं मांडीवर घेतलं तर ओठ पांढरे, नखं पांढरी. तिला उचलताना त्याचा हात ओला झाला. हात लाल बघून तो आधी कातर लागली समजला आणि तिच्या अंगावर जखम शोधत बसला. मग त्याला उमगलं.

"कवापासून हाय हे?" तो म्हणाला.

"हाय थोडं," कडूबाई म्हणाली.

कडूबाईचा धाकटा भाऊ धुळाजी शेजारच्याच वाडीला होता. तो आला, मेंढरं त्याच्या हवाली झाली, आणि कुणाची तरी जीप मिळाली. धुळाजी बहिणीच्या अंगावर घोंगडं टाकत म्हणाला, "अक्का, मेंढरांची फिकीर करू नगस."

"ती अर्धी हाय," अक्का म्हणाली. "तिला उन्हात सोडू नगं. येका बाजूनं भाजंल."

बीडला जायचं तर वडवणीवरूनच वाट. त्या दिवशी नेमका बाजार. जीप गर्दीत अडकली आणि कडूबाईनं मान उचलून बाहेर पाहिलं. पाहू नये असं तिनं ठरवलेलं होतं, दर बाजारी ठरवायची. पिंपळापाशी फळांचा गाडा उभा होता. पपया, मोसंबी, कापून ठेवलेलं कलिंगड. गाड्यामागं बीबीजान माशा वारत बसली होती. दोघींची नजर एकदा भिडली. बीबीजाननं जीपमधली पडलेली बाई पाहिली, तिचे हात थांबले, आणि मग तिनं मान दुसरीकडं फिरवली. जीप पुढं सरकली.

त्या जागी नऊ वर्षांपूर्वी गाडा नव्हता, रसवंती होती. बीबीजानचा नवरा फकीर चरकात ऊस घालायचा, चरकाच्या घुंगरांचा आवाज एसटी स्टँडापर्यंत जायचा आणि ती गल्ल्यावर बसायची. कडूबाई बाजारात आली की तिचं गठुडं रसवंतीच्या बाकाखाली पडायचं. दोघींच्या थोरल्या पोरी एकाच उन्हाळ्यातल्या. एकीनं बाजार करायचा तर दुसरीनं दोन्ही पोरी मांडीवर घ्यायच्या. सख्ख्या बहिणींचंही एवढं पटत नाही, असं फकीर कौतुकानं म्हणायचा. कडूबाईला सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे तिला ते खरंच वाटायचं.

मग कडूबाईला मुलगा झाला, जीवन. पोरीच्या वेळी झालं होतं तसंच याही वेळी झालं, बाळ सुखरूप आणि आईचं रक्त थांबेना. पोरीच्या वेळी रक्ताची एक पिशवी चढवली होती, जीवनच्या वेळी बीडच्या एका खासगी दवाखान्यात दोन चढवल्या. घरी परतताना जीप रसवंतीपाशी थांबली. बीबीजान धावत आली. बाळावरून मीठ उतरवून टाकलं, चरक धुवायला लावला, आलं-लिंबू घालून रस काढला. फकीर सवयीनं बर्फ टाकायला गेला तर तिनं त्याचा हात धरला. "कच्ची बाळंतीण हाय ती. बर्फ कायकू?" आणि दुकानाच्या काचेच्या गिलासात न देता घरून आणलेल्या तिच्या स्वतःच्या स्टीलच्या गिलासात दिला. कडूबाईनं जीपमध्ये बसूनच तो रस पिला. तसा रस तिनं पुन्हा कधी पिला नाही.

घरी आल्यावर, बाळ आठ दिवसांचं असताना तिला हुडहुडी भरून ताप आला. पाठ कुणी तरी आतून पिळतंय असं वाटायला लागलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कावीळ झाली की उसाचा रस पाजावा हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि रसवंतीच्या बर्फानं कावीळ होते हेही सगळ्यांनाच ठाऊक होतं. सासूनं विचारलं, वाटेत काय खाल्लं-पिलं? शहादेवनं सांगितलं, रस. झालं, निकाल लागला.

कावीळ उतरवणारा म्हातारा पलीकडच्या वाडीला होता. त्यानं मुळ्यांच्या कांड्यांची बारकी माळ ओवून कडूबाईच्या डोक्यावर ठेवली. रोज ती माळ वाढायची, कपाळावरून कानावर, कानावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर. पंधरा दिवसांत माळ खाली आली आणि डोळेही निवळले. म्हाताऱ्याचं नाव झालं.

मधल्या बाजारी शहादेव वडवणीला गेला. डोंगराच्या एका अंगाला उभं राहून दुसऱ्या अंगाचं मेंढरू हाकणारा तो गळा. त्या गळ्यानं तो रसवंतीसमोर ओरडला, "हितला रस पिऊ नगा रे! बाळंतीण बायकू मरायला टेकलीय माझी! घाण बर्फ घालत्यात हे!" बाजार थांबला. चार लोकांनी त्यात आपल्या पदरची भर घातली, बर्फापुरतं ते राहिलं नाही. त्या उन्हाळ्यात रसवंतीवर कुणी बसलं नाही. उन्हाळा गेला तेव्हा फकीरनं चरक कडा गावच्या एका माणसाला विकून टाकला.

त्याच्या आधी बीबीजान एकदा वाडीवर आली होती. दारापर्यंतही तिला कुणी येऊ दिलं नाही. रस्त्यावरूनच ती म्हणाली होती, "कडू, तुझ्या गिलासात बर्फ नव्हता. तूच सांग." आत पडद्यामागं कडूबाई डोक्यावर माळ घेऊन पडली होती. दारात सासू उभी होती. शहादेव अंगणात दावं वळत होता. कडूबाईनं ऐकलं, सगळं शब्दन् शब्द ऐकलं, आणि तोंड भिंतीकडं केलं. अंगात ताकद नव्हती, असं ती पुढं स्वतःला सांगत राहिली. पण हो म्हणायला ताकद लागतेच किती?

बीडच्या मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात तिला खाट मिळाली. डॉक्टरांनी तपासलं. गर्भपिशवीला गाठी होत्या, पिशवी काढावी लागणार होती. पण अंगात रक्त पाचावर आलेलं. आधी रक्त चढवायचं, मग ऑपरेशन. त्याच्याशिवाय टेबलावर घेता येत नाही आणि तसंच ठेवलं तर उन्हाळा निघायचा नाही, एवढं त्यांनी शहादेवला बाहेर नेऊन सांगितलं. तो आत आला तेव्हा त्याचं तोंड बघूनच कडूबाईला ते सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताची पिशवी आली. बबिता सिस्टर नावाची बाई तिथं होती, वडवणीकडचीच, बोलायला मोकळी. तिनं पिशवीवरचं नाव वाचलं, कडूबाईला नाव विचारलं, गट पाहिला. "ए पॉझिटिव्ह. रक्तपेढीत जुळवून पाहिलंय, जुळलंय," ती म्हणाली आणि पिशवी खांबाला टांगली. सुई कडूबाईच्या हाताला आधीच लावलेली होती. "मावशी, याच्याआधी कधी रक्त चढवलं होतं?"

"दोन बाळंतपणात दोनदा चढलंय," शहादेव म्हणाला.

"तेव्हा काही त्रास? थंडी, ताप, अंगाला खाज, कावीळ?"

"काई न्हाई. बेस झालतं समदं."

शहादेव खोटं बोलत नव्हता. कावीळ झाली होती ती रसानं, तिचा रक्ताशी काय संबंध? दोन वेगळी दुखणी, दोन वेगळे हिशोब. त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं.

सिस्टरनं नळीच्या चिमट्याला हात घातला. कडूबाई पिशवीकडं बघत होती. काळसर, जड रक्त. तिला काही कळत होतं असं नाही. एवढंच की काल जीपमधून दिसलेली ती फिरवलेली मान तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि कावीळ हा शब्द आला की तिच्या कानात नेहमी एकच वाक्य वाजायचं. तूच सांग. नवरा बोलत होता, ती गप्प होती, अगदी त्या दिवसासारखं.

"झालती," ती म्हणाली.

"काय?"

"कावीळ झालती. मागल्या बारीला. रगत चढल्यावर आठव्या दिशी."

"अगं, ती रसामुळं झालती," शहादेव हसला. "सिस्टर, ती येगळी गोष्ट हाय. रसवंतीचा बर्फ—"

"बर्फ नव्हता त्यात," कडूबाई म्हणाली.

सिस्टरचा हात चिमट्यावरून निघाला. तिनं नळी सुईपासून अलग केली आणि पिशवी खाली उतरवली. शहादेव घाबरला. "सिस्टर, देता की न्हाई? तिचं ऐकू नगा, तिला ग्लानी हाय."

"दादा, जरा थांबा. मॅडमला बोलावते."

रक्तपेढीच्या डॉक्टर मोहिनीमॅडम आल्या. लहानखुऱ्या, केसांत पांढऱ्या बटा, पायांत साध्या चपला. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि शहादेवकडं न बघता कडूबाईला विचारू लागल्या. ताप किती दिवसांनी आला? पाठ दुखली? कुठं? घरात आणखी कुणाला कावीळ झाली होती?

"कुनालाच न्हाई. यांनी बी रस पिलता, दोन गिलास. बर्फ घालून."

"आणि लघवीचा रंग?"

कडूबाईनं पदर तोंडावर घेतला. नवऱ्यासमोर ते कसं सांगावं? मॅडम थांबून राहिल्या. शहादेव उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

"कोऱ्या चहावानी," ती हळूच म्हणाली. "न्हाई. चहापरीस लाल."

मॅडमनी मान हलवली. "मावशी, मला वाटतं ती साधी कावीळ नव्हती. ते रक्त तुमच्या अंगात फुटलं होतं."

शहादेव वळला. मग मॅडमनी दोघांना समजेल असं सांगितलं. ए पॉझिटिव्ह हे गटाचं नाव झालं. पण त्या एकाच गटाच्या माणसांच्या रक्तावर आणखी कितीतरी बारीक खुणा असतात, एकाच्या असतात, दुसऱ्याच्या नसतात. मुलीच्या वेळी कडूबाईला जे रक्त मिळालं त्यावर तिच्या रक्तात नसलेली एखादी खूण असणार. अंगानं ती परकी म्हणून ओळखून ठेवली. जीवनच्या वेळी पुन्हा तीच खूण आत आली, तेव्हा अंगानं आठवड्याभरात तयारी केली आणि ते सगळं रक्त फोडून टाकलं. फुटल्या रक्ताचा पिवळेपणा डोळ्यांत आला.

"म्हंजी रंग येकच, कान येगळा," शहादेव म्हणाला.

मॅडमना कळलं नाही. त्यानं सांगितलं, "दोन कळपांना येकच गेरू लावला तर लांबून समदी आपलीच दिसत्यात. पन ज्याच्या त्याच्या मेंढराच्या कानाला येगळी चीर असती. कान धरून बघितला तर कळतं कुनाचं ते."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

"मग आज जुळलं म्हनल्या त्या?"

"नऊ वर्षं झाली ना. ती ओळख इतकी विरळ झालीय की आमच्या नेहमीच्या तपासणीत दिसली नाही. रक्त आत गेलं असतं की अंगाला पुन्हा सगळं आठवलं असतं. तेव्हा मावशींच्या अंगात ताकद होती, निभावलं. आता रक्त पाचावर आहे." मॅडमनी कडूबाईच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही बोललात म्हणून. नाहीतर ही पिशवी आम्हीच चढवली असती, सगळं बरोबर आहे समजून."

"अन ती माळ?" शहादेवनं विचारलं.

"माळेनं काही बिघडवलं नाही. फुटायचं ते फुटून संपलं, म्हणून डोळे निवळले."

"आन रस?"

"रसाचा काय दोष, दादा?"

शहादेव खिडकीशीच खाली बसला.

कडूबाईच्या रक्ताची नळी संभाजीनगरच्या मोठ्या रक्तपेढीला गेली. तिथं बारीक तपासणी होते. उत्तर येईपर्यंत थांबायचं होतं. गोळ्यांनी रक्त जाणं कमी झालं, थांबलं नाही. उठून बसली तरी कडूबाईला वॉर्डाचं छत फिरताना दिसायचं. शहादेवनं तिची फडकी धुवायला सुरुवात केली. आवारातल्या नळावर बायकांची रांग असायची, त्यात हा पागोटेवाला गडी रक्ताची फडकी घेऊन उभा. पहिल्या दिवशी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एका पोरगेल्या वॉर्डबॉयनं विचारलं, "बाबा, घरात बाई न्हाई का कुनी?" शहादेव म्हणाला, "हाय की. तिचंच धुतोय." तिसऱ्या दिवशी बायका त्याला पुढं जागा द्यायला लागल्या.

दुपारी तो तिच्या डोक्याला तेल लावायचा. मेंढीची लोकर सोडवायची सवय झालेली बोटं, केसांचा गुंता तिला न दुखवता सोडवायची. कडूबाई डोळे मिटून पडायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यानं कधी तिच्या केसांना हात लावला नव्हता. मरायची भीती होतीच, ती कुठं गेली नव्हती. पण असं कुणी केस सोडवत असताना मरायला तिचं मन घेईना.

"त्यात बर्फ नव्हता, हे तुला ठावं व्हतं?" एका दुपारी तो मागून म्हणाला.

"व्हतं."

"मग तवाच कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा?"

फणी थांबली.

"अन तुमी न्हाई इचारलं तरी मी सांगायला पायजे व्हतं," कडूबाईच पुढं म्हणाली. "ती वाडीवर आलती. मला म्हनली, तूच सांग. मी भितीकडं तोंड केलं. तुमी बाजारात वरडला ते येकदाच. मी नऊ वरसं गप ऱ्हायले."

फणी पुन्हा सुरू झाली, पण आता तिच्या मानेवर काही तरी गरम पडलं. तिनं मागं वळून बघितलं नाही. गड्याचा तेवढा आब राखावा.

संभाजीनगरहून उत्तर आलं. मॅडमचं म्हणणं खरं होतं, ओळख होती, अगदी बारीक. कोणत्या खुणेची तेही सापडलं. आता ती खूण नसलेलं रक्त हवं होतं. मॅडम म्हणाल्या, सख्ख्या भावंडात सापडण्याची आशा जास्त, पण खात्री नाही. धुळाजी मेंढरं चुलत्याकडं सोपवून आला. सुईला बघून त्याला घाम फुटला. मेंढ्याला शिंगानं धरून आडवा करणारा गडी, पण खुर्चीवर बसून त्यानं डोळे गच्च मिटले. "घ्या मॅडम, पन दाखवू नगा." त्याच्या रक्तावर ती खूण नव्हती. दुसरी पिशवी रक्तपेढीतच तपासता तपासता सापडली, कुणा अनोळखी माणसाची.

"कोन व्हता तो?" कडूबाईनं विचारलं.

"आम्ही नाव सांगत नसतो मावशी."

"बरं. त्याचं बेस होवो."

भावाची पिशवी आधी रक्तपेढीतच तपासून, जुळवून, मग चढली. पहिला थेंब नळीतून खाली येताना शहादेवनं खांब धरून ठेवला होता, जसा काही तो पळून जाणार होता. बबिता सिस्टर शेजारी बसून राहिली. पहिली पंधरा मिनिटं ती कुठंही उठली नाही, दर थोड्या वेळानं विचारायची, पाठ दुखते का, थंडी वाजते का. कडूबाईला काहीच होत नव्हतं. फक्त संध्याकाळी ओठांना थोडा रंग आला आणि तिला भाकरी खावीशी वाटली. मातीची ढेकळं नकोत, भाकरीच.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण शहादेवचा जीव आठव्या दिवसात अडकला होता. रोज सकाळी तो तिला उन्हाच्या कवडशात बसवायचा आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढून डोळे बघायचा. मेंढराचे डोळे बघतात तसेच. पाचवा दिवस गेला, सातवा गेला. आठव्या दिवशी त्यानं दोन्ही डोळे दोनदा बघितले. पांढरेशुभ्र. दहाव्या दिवशी मॅडमनी पुन्हा रक्त तपासलं आणि हसल्या. निघताना त्यांनी खुणेचं नाव लिहिलेलं एक जाड कार्ड दिलं आणि म्हणाल्या, "हे हरवलं तरी चालेल, पण तोंडानं सांगायचं विसरू नका. कुठंही गेलात, कुणीही विचारो न विचारो. माझ्या रक्तात ओळख आहे, आधी ती बघा, मग रक्त द्या." कडूबाईनं ते तिथंच तीनदा म्हणून दाखवलं. मग शहादेवनंही म्हटलं, कारण ती बेशुद्ध असली तर कुणी तरी सांगायला हवं.

परतायचा दिवस पुन्हा बाजाराचाच निघाला. कुणी जुळवून आणला असं वरवर दिसत नव्हतं, पण शहादेवनं एक दिवस आधी मिळालेली सुट्टी बायकोच्या पोटात दुखतंय असं सांगून लांबवली होती, हे सिस्टरनं कडूबाईला डोळा मारून सांगितलं.

जीप पिंपळापाशी थांबली. फकीर गाड्यावर पपया रचत होता, त्यानं शहादेवला येताना पाहिलं आणि हातातली पपई तशीच धरून उभा राहिला. बीबीजान उठली. कडूबाई जीपच्या दाराला धरून खाली उतरली, टाके ओढत होते.

शहादेवनं पागोटं काढून बगलेत धरलं. घसा खाकरला. कडूबाईला वाटलं, आता हा जवळ जाऊन हळूच काही तरी बोलेल. पण तो वळला तो बाजाराकडं तोंड करून, आणि डोंगरापलीकडचं मेंढरू हाकायच्या त्या गळ्यानं ओरडला,

"ऐका हो! नऊ वरसामागं मी हितं उभा ऱ्हाऊन वरडलो व्हतो! यांच्या रसानं माझ्या बायकूला कावीळ झाली म्हनून! ते खोटं व्हतं! कावीळ रगतानं झालती, मोठ्या डाक्तरीनबाईंनी सांगितलंय! यांच्या रसात बर्फ बी नव्हता न घान बी नव्हती! घान माझ्या तोंडात व्हती!"

भाजीवाल्यांनी माना वर केल्या. मिरच्या मोजणारी तागडी हवेतच राहिली. निम्म्या लोकांना नऊ वर्षांपूर्वीचं काही आठवतही नव्हतं, त्यांना वाटलं गडी प्यालाय. ज्यांना आठवत होतं त्यांनी मात्र पायाकडं बघितलं. फकीर म्हणाला, "बस करो, शहादेवभाऊ," आणि हातातली पपई खाली ठेवली.

"चरक तर परत येत नाही," बीबीजान म्हणाली. ती शहादेवशी बोलत नव्हती, कडूबाईकडं बघत होती.

"न्हाई येत," कडूबाई म्हणाली. ती चालत गाड्यापाशी आली, गाड्याच्या कडेला धरलं. "बीबी, तू वाडीवर आलतीस. मी जागी व्हते."

"मालूम होतं मला. पडद्याखालून तुझे पाय हलताना दिसले."

कडूबाईला रडू फुटलं. नऊ वर्षांचं होतं, लवकर आवरण्यासारखं नव्हतं. बीबीजाननं तिला रडू दिलं. मग गाड्याखालचं स्टूल काढून पुढं सरकवलं. "बैठ. टाके तुटतील. जीपमधून जाताना बघितली तर मुर्दा वाटलीस मला. चार रात्री झोप नाही, आणि विचारू कुणाला?"

तिनं दोन मोसंबी निवडली, धुतली, कापली आणि मुठीनं पिळली. खालच्या डब्यातून एक स्टीलचा गिलास काढला. काठाला चेप पडलेला. कडूबाईनं तो ओळखला.

"बर्फ नाही आपल्याकडं," बीबीजान म्हणाली. "पिशील?"

"पिते."

"आन कावीळ झाली तर?"

"झाली तर माझ्या रगताची," कडूबाई म्हणाली. "तुझ्या रसाची न्हाई."

बीबीजान हसली, आणि हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले. मग शहादेवकडं बघून म्हणाली, "ह्याला मात्र उभाच राहू दे जरा."

शहादेव पागोटं बगलेत धरून उन्हात उभा राहिला. घरी एक मेंढी पंधरवड्यावर अर्धी कातरलेली फिरत होती, सगळी वाडी तिला हसत होती, आणि तिचे पाय धरायला आता यंदा तरी कडूबाई नव्हती. त्याची त्याला काही घाई दिसली नाही.

कडूबाईनं रस शेवटच्या थेंबापर्यंत पिला, गिलास पदरानं पुसला आणि पुन्हा पुढं केला.